वायरच्या खोलीतले दोघं

गडचांदूरले एका चार मजली इमारतीत मी काम करून राह्यलो होतो, तवा रोज सकाळी माह्यासाठी दोन कप चहा येत होता. एक माहा. दुसरा अशा माणसाचा, जो तिथी नव्हताच. दोन्ही मीच पेत होतो, अन् दुसरा नेहमी थंड होऊन जाये.

आधी कामाचं सांगतो, नाईतर कोणाले काही समजत नाई. माह्या आईले अजून वाटते का मी टीव्हीच्या छत्र्या लावतो. बाबा धानाच्या बांधीतून फोन करतात अन् विचारतात, "खांबावर चढा लागते का रे?" नाई बाबा. मी खोलीत बसतो. मोठ्या इमारतीत हरेक मजल्यावर एक लहानशी खोली असते. खिडकी नाई, पंखा नाई, दाराले बाहेरून कडी. आत भिंतीले लोखंडी कपाट, अन् कोपऱ्यात जमिनीले एक चौकोनी भोक, जे खालपासून वरपर्यंत आरपार जाते. त्याले डक्ट म्हणतात. त्या डक्टमधून काचेची तार वर येते. केसाएवढी बारीक काच. तिच्यातून उजेड पळते, अन् त्या उजेडावर साऱ्या इमारतीचं इंटरनेट चालते.

तार टाकणारे टाकून जातात. मंग जो येईल तो आपल्या मनानं ओढते, खुपसते, वरून प्लॅस्टिकचा पट्टा आवळते. दोन-तीन वर्षांनं कपाट उघडलं का शेवयाचं टोपलं सांडल्यावानी दिसते. माहं काम ते नीट कराचं. धूळ पुसा, रंगानं रंग वेगळा करा, उरलेल्या तारेचे गोल वेटोळे करा, हलक्या हातानं बांधा, चिठ्ठी लावा. वेटोळं जेवाच्या ताटाएवढं मोठं पायजे. लहान केलं का काच मुडपते अन् उजेड मधीच सांडते. बाहेरून तार एकदम चांगली दिसते, पण पलीकडं अंधार.

काम मले आवडते. पण एक गोष्ट आहे. ते कोणी पाहत नाई. चांगलं केलं तर वर्षानुवर्ष ते दार कोणी उघडत नाई.

अन् मी तर पाहणारा पायजे असा माणूस. शाळेत हेडमास्तरची नक्कल केली तर पोट्टे बाकाखाली लोटपोट होत. चंद्रपूरच्या बसचा कंडक्टर, आमचा ठेकेदार, बाजारातली मिरच्या विकणारी, तार जोडाची मशीन कशी टुं टुं करते ते सुद्धा. आवाज ऐकला का तो माह्या गळ्यात जाऊन बसते, मी बोलावत नाई त्याले. पण खोलीत कोण ऐकणार? कपाट?

पयले ऐकणारा होता. आम्ही दोघं होतो. तो कुरखेड्याच्या पलीकडं जंगलातल्या गावचा, गोंड घरचा, मी कुरखेड्याचा. वयानं मोठा, म्हणून मी त्याले भाऊ म्हणो. तो वर, मी खाली. तारेच्या एका टोकाले लाल बत्ती लावाची अन् दुसऱ्या टोकाले लाल टिपका दिसते का ते पाहाचं, म्हणजे कोणती तार कुठी निघाली ते समजते. याले दोन माणसं लागतातच. तुम्ही म्हणाल फोन करा ना, पण त्याले फोन आवडे नाई. तो डक्टमध्ये तोंड घालून वरडे.

"आला का बे उजेड?"

"नाई आला भाऊ!"

"आता?"

"आला आला!"

मंग वरून गोंडीत काहीतरी बोले. चारच वाक्यं होती त्याची ठरलेली. एक उजेड आल्यावरचं, एक नाई आल्यावरचं, एक पाण्याचं, एक जेवणाचं. येर म्हणजे पाणी अन् गाटो म्हणजे भात, एवढं मले समजे. बाकीचं नाई. कुरखेड्याच्या बाजारात लहानपणापासून ऐकली होती मी ती भाषा, पण शिकलो नाई. फक्त आवाज घेतला. त्याची वाक्यं त्याच्याच चालीत मी म्हणो, तवा तो बिनआवाजाचा हासे, खांदे हालत. "हासवू नोको बे, हातात काच आहे," म्हणे.

मंग त्याले हैदराबादले काम भेटलं. मोठा एसीवाला हॉल, नुसत्या मशीनी. तो गेला. पयले पयले फोन उचले. मंग "बिझी आहो, करतो मागून" असं होऊ लागलं. मंग काहीच नाई. ठेकेदार म्हणे, "नुसती ड्रेसिंग तर आहे, तारा नीट बांधाच्या, दुसरा माणूस कायले पायजे तुले? हात नाईत का?" हात आहेत. म्हणून गडचांदूरले मी एकटा आलो. स्टँडच्या मागं खोली घेतली, खानावळीत डबा लावला. खानावळवाला रोज एकच विचारे, "पोळी का भात?" दिवसभरात माह्याशी कोणी बोललं तर तेवढंच.

या इमारतीत तार त्यानंच टाकली होती हे मले माहीत नव्हतं. मी त्याच्या जोडीले लागाच्या आधीची गोष्ट. तिसऱ्या मजल्यावरचं कपाट उघडलं अन् सिमेंटची धूळ फुंकली, तवा खालून वेटोळे निघाले. डावीकडून फिरलेले. सारी दुनिया उजवीकडून फिरवते, तो एकटा डावीकडून. अन् प्लॅस्टिकच्या पट्ट्याऐवजी कापडाची पट्टी, सैल गाठ, तेंदूपत्त्याचा पुडा बांधतात तशी. पान फाटू नाई म्हणून जशी बांधतात तशी. त्यानंच शिकवलं होतं मले ते. हिरव्या लुगड्याची पट्टी होती, विटलेली.

मी कितीतरी वेळ तिथी उकिडवा बसून राह्यलो. मंग डक्टमध्ये तोंड घातलं अन् त्याच्या आवाजात वरडलो, "आला का बे उजेड?"

अन् माह्या आवाजात मीच म्हटलं, "आला भाऊ!"

आता याले वेडेपणा म्हणा. पण बरं वाटलं. मंग दिवसभर तसंच चालू झालं. तो मले शिव्या दे, मी त्याले उलट बोलो. तो ठेकेदाराची तक्रार करे, मंग ठेकेदार स्वतः येऊन खुलासा करे. मशीन मधीच टुं टुं करे. त्याची गोंडीतली वाक्यं मी म्हणो, जशीच्या तशी, अर्थाविना. कपाट साफ होत जाये अन् खोलीत दोन माणसं असत.

दुसऱ्या दिवशी दारावर थाप पडली. माह्या दोन्ही हातात तारा, उठता येत नव्हतं.

"चहा ठेवून राह्यली बाबू," बाहेरून बाईचा आवाज आला. "तुमचा एक अन् त्या भाऊचा एक."

मी म्हटलं, "ठेवून द्या बाई."

त्या इमारतीत झाडलोट अन् चहा करणारी ती बाई. तिची चहाची खोली तळमजल्यावर, डक्टच्या भिंतीले लागून, भिंतीत हवेसाठी जाळी. वरचं सारं बोलणं तिथी पडे, हे मले नंतर समजलं. त्या दिवशी मी ट्रे आत घेतला, दोन कप पाह्यले, अन् लगीत हासलो, पोट धरून. दोन्ही पेलो. वाटलं, भाऊले सांगतो. फोन लावला. घंटी वाजून वाजून बंद झाली.

तिसऱ्या दिवशी ती थाप मारून गेली नाई. दारापाशी थांबली अन् गोंडीत बोलली. एक लांब वाक्य, शेवटी वर चढणारं, म्हणजे प्रश्न. अन् त्यात हासू होतं, जसं ओळखीच्या माणसाले चिडवतात.

सांगाचं होतं तवाच सांगाचं होतं, का बाई, इथी दुसरं कोणी नाई. पण तोंडातून त्याचा आवाज निघून गेला. पाण्याचं वाक्य होतं ते का जेवणाचं, आता आठवत नाई. बाहेर ती खुश झाली. भराभर बोलाले लागली. मी खोकलो. जोरात खोकलो. मंग माह्या आवाजात म्हटलं, "बाई, भाऊचा गळा बसला आहे. धुळीनं."

"तरीच म्हटलं, आवाज थोडा बारीक वाटून राह्यला." मंग मराठीत म्हणे, "मी वळखलं ना बाबू, पयल्याच दिवशी. तार टाकाले आलते तवा रोज माह्यासंगं जिन्यात जेवत. आमच्याच तिकडचे. त्यायले म्हणा, भेटून जा."

"हाव, म्हणतो."

असं ते सुरू झालं. रोज ती भेटाले ये, अन् रोज भाऊ कुठीतरी जाये. कधी वरच्या मजल्यावर, कधी सामान आणाले, कधी जेवाले बाहेर. "जेवाले बाहेर?" ती म्हणे. "मी डबा आणतो ना त्यायच्या वाटचा. बाहेर काऊन जातात?" एकदा कागदात भाजलेले मोहफुलं ठेवून गेली त्याच्यासाठी. ते पण मीच खाल्ले. गोड होते.

दाराच्या फटीतून तिचं थोडं थोडं समजत गेलं. धानोऱ्याकडची होती. नवऱ्याच्या नोकरीपायी इकडं आली. तो वारला. पोरगा ट्रकवर, सून कोरपन्याकडची, चांगली आहे, पण तिले गोंडी येत नाई. नातू हिंदीत बोलतात. "घरी मी बोलली तर पोट्टे हासतात, म्हणे आजी गाणं म्हणून राह्यली." मंग म्हणे, "इतक्या दिवसात कोणी बोललं नाई बाबू. तोंड आंबून गेलं माहं. त्यायले म्हणा, पाच मिनिटं या. कामाचं काही नाई, नुसतं बोलाचं आहे."

आता यात माहं काय अडकलं होतं ते सांगतो. मले ती थाप पायजे होती. दिवसातून एकदा कोणीतरी माह्या दारापाशी येऊन थांबते, अन् आत माणूस आहे असं धरून बोलते. दुसरा माणूस नाई म्हटलं तर तिचं येणंही गेलं. माह्यासाठी थोडीच येत होती ती. म्हणून मी काम हळूहळू करून राह्यलो होतो. ज्या कपाटाले एक दिवस लागते त्याले दोन लावत होतो. पण ठेकेदारानं फोटो मागतले. अन् त्याचा एक हुकूम होता, कापडाच्या पट्ट्या नाई पायजे, साऱ्या काढा, काळे चिकटणारे वेल्क्रोचे पट्टे लावा, साऱ्या इमारतीत एकसारखे.

मी काढल्या. वेटोळे त्याचेच ठेवले, डावीकडूनच, फक्त पट्ट्या कापल्या अन् काळे पट्टे लावले. दिसाले चांगलं दिसलं, खोटं कायले बोलू. कापलेले तुकडे झाडून दाराबाहेर कोपऱ्यात केले, बाकीच्या कचऱ्यासंगं.

त्या दिवशी थाप पडली नाई. दार सरळ उघडलं.

ती उभी होती, एका हातात चहाचा ट्रे, दुसऱ्या मुठीत ते हिरवे तुकडे. पयल्यांदाच पाह्यलं मी तिले नीट. ठेंगणी, कपाळावर गोंदण, पदर खोचलेला. ती माह्याकडं नाई, माह्या मागं पाहून राह्यली होती. खोली एवढीशी. मागं भिंत.

"हे कोणी कापलं?"

"मी कापलं बाई. साहेबाचा हुकूम..."

"हे माहं लुगडं हाय. त्यायनं मांगतलं होतं, म्या फाडून देल्लं. त्यायच्यापुढं तू हे कापलं अन् ते गप्प राह्यले?" मंग तिनं आवाज खाली आणला. "कुठी हायत ते?"

मले नकलेशिवाय काही सुचत नाई, हा माहा जुना रोग. म्हटलं एकदा करून दाखवतो, म्हणजे ती हासेल, म्हणेल मोठा चालू पोट्टा आहे. अन् मी त्याच्या आवाजात म्हटलं, "आला का बे उजेड?"

ती हासली नाई. माह्या तोंडाकडं पाहत राह्यली, जसं रेडिओ उघडून आत पाहतात. मंग ट्रे घेऊन तशीच फिरली. दोन्ही कप घेऊन गेली. जिन्यात कप एकमेकाले लागून वाजून राह्यले होते, खालपर्यंत ऐकू आले.

दुसऱ्या दिवशी चहा नाई. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाई. मी गप्प काम केलं. आवाज काढाची इच्छाच गेली. खोलीत फक्त वेल्क्रोचा फर्र फर्र आवाज. भाऊले मेसेज टाकला, सारं लिहिलं, म्हटलं एकदा तिच्याशी फोनवर बोल, दोन मिनिटं. संध्याकाळी त्याचा अंगठा आला. नुसता अंगठा. मी तो अंगठा किती वेळ पाहून राह्यलो. अंगठा म्हणजे हाव, का अंगठा म्हणजे नुसतं पाह्यलं? मंग पुन्हा फोन लावला, उचलला नाई.

शेवटचं काम राह्यलं, लाल बत्ती. साऱ्या तारा तपासाच्या. एकटा माणूस काय करेल? खालच्या टोकाले बत्ती लावाची, जिने चढून तिसऱ्या मजल्यावर जाचं, कोणत्या तारेले लाल टिपका आहे ते पाहाचं, चिठ्ठी लावाची, खाली याचं, बत्ती दुसऱ्या तारेले लावाची, पुन्हा वर. निळी झाली, नारिंगी झाली, हिरवी झाली. ती जिन्यात पोछा मारून राह्यली होती अन् माह्या बुटाची सिमेंटची धूळ तिच्या ओल्या फरशीवर, वर जाताना अन् खाली येताना.

"दिसत नाई का रे, पोछा मारला म्या?"

"सॉरी बाई."

पुन्हा वर. पुन्हा खाली.

"कायले पळून राह्यला सारखा? कुत्रं लागलं का मागं?"

मी कठड्याले धरून उभा राह्यलो अन् सांगतलं. का खाली बत्ती लावाची, वर पाहाचं, दोन माणसाचं काम आहे.

"मंग बोलाव ना त्या दुसऱ्याले," ती म्हणे. "हाय ना तुह्या गळ्यात."

मी खाली गेलो, भुऱ्या तारेले बत्ती लावली अन् पुन्हा चढाले लागलो. ती पहिल्या मजल्यावर बादलीजवळ उभी होती. पोछा बादलीत टाकला, हात लुगड्याले पुसले.

"काय पाहा लागते वर?"

"लाल टिपका, बाई. ज्या तारेच्या टोकाले दिसेल तिचा रंग सांगाचा. डोळे लावून नोका पाहू, तिरपं पाहा."

"अन् सांगू कशी? माह्याजवळ फोन नाई."

"भोकात वरडा. तुम्हाले तर माहीत आहे, ऐकू येते ते."

हे बोलून गेलो अन् जीभ चावली. पण ती काही न बोलता वर चढाले लागली. मी खाली येऊन डक्टपाशी बसलो. बऱ्याच वेळानं वरून आवाज आला, डक्टमधून येणारा आवाज जरा मोठा अन् जरा दूरचा असते.

"दिसला! मातीच्या रंगाची!"

"बरोबर बाई! आता?"

"राखेच्या रंगाची!"

"आता?"

"पांढरी. अन् हे पाय, लवकर लवकर नोको लावू, डोळा ठरत नाई माहा."

मी हळू लावाले लागलो. तिले रंग लगीत बारीक समजत. गुलाबी अन् लाल यात मी सुद्धा कधी कधी फसतो, ती नाई फसली. पोछा तसाच पडून राह्यला अन् आमचं काम होत गेलं. शेवटची आकाशी तार राह्यली. मी बत्ती लावली.

"आला का उजेड, बाई?"

मी पुन्हा भोकात तोंड घातलं.

"बाई?"

मंग ती गोंडीत बोलली. तेच लांब वाक्य, वर चढणारं, पयल्यांदा दाराबाहेर बोलली होती ते. आवाज तेवढा मले लक्षात राह्यते. पण आता त्यात चिडवणं नव्हतं. बोलून ती थांबली. डक्टच्या त्या टोकाले ती वाकून बसली असेल असं मले वाटलं, अन् मले तिचा श्वास ऐकू येऊन राह्यला होता.

तिले माहीत होतं खाली कोण आहे.

मी भाऊचा आवाज काढला. हळू, जसा तो जेवताना बोले तसा. उजेड आल्यावरचं वाक्य म्हटलं. ती वरून बोलली. मी पाण्याचं म्हटलं. ती त्याले उत्तर देऊन लांबपर्यंत बोलत गेली, त्यात कुठीतरी येर आलं, कोणत्यातरी नदीचं नाव आलं, मंग ती स्वतःशीच हासली. मी जेवणाचं म्हटलं. ती बोलली. तिचा आवाज मोकळा होत गेला, दाराच्या फटीतून ऐकला होता त्याहून वेगळा, कमी वयाचा. मी उजेड नाई आल्यावरचं सुद्धा म्हणून टाकलं, उजेड आलेला असताना.

मंग संपलं. माह्याजवळ तेवढंच होतं. वर ती वाट पाहून राह्यली होती.

मी माह्या आवाजात म्हटलं, "बाई, याच्यापुढं मले नाई येत."

आकाशी तारेतून लाल उजेड वर जाऊन राह्यला होता, बंद करा लागत होता, मी केला नाई.

"मंग पुन्हा पयल्यापासून म्हण," ती वरून म्हणे. "अन् ते पाण्याचं तू चुकीचं म्हणतं. मी सांगतो तसं म्हण."